कुशाबाचा कवडसा

लोअर परळच्या बैठ्या चाळीत कुशाबाच्या घरी घड्याळ नव्हतं, आणि तरी वेळ सगळी चाळ त्यालाच विचारायची. त्याच्या कौलांमध्ये एक कौल काचेचं होतं. त्यातून पानाच्या डब्याएवढा कवडसा खाली शहाबादी फरशीवर उतरायचा आणि दिवसभर पश्चिमेच्या भिंतीकडून पूर्वेच्या भिंतीकडे सरकत राहायचा. फरशीवर खिळ्याने कोरलेल्या खुणा होत्या. कवडसा कुठे आलाय ते बघून कुशाबा दारातून सांगायचा, "बाराला धा कमी." शेजारचा दौलत मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि मुकाट्याने त्याचाच काटा फिरवायचा.

या खुणांचा उगम गिरणीच्या संपातला. तेव्हा कुशाबा चौतिशीत होता. सोळा वर्षं साचेखात्यात, मागावर, पहिली पाळी, सकाळी सात ते दुपारी साडेतीन. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आणि दात्यांची काच सगळी उत्तरेला. उजेड यावा पण सुतावर ऊन पडू नये, अशी सोय. त्यामुळे दुपारचा उजेड कुशाबाने रोज पाहिला, दुपारचं ऊन मात्र नाही. सुटीच्या वारी तो भजनात, नाहीतर झोपेत.

मग भोंगा बंद झाला. संपाच्या दुसऱ्या महिन्यात एका दुपारी तो उताणा पडला होता. भांडून आलेला नव्हता, जेवून आलेला नव्हता, नुसताच पडलेला. तेवढ्यात कवडसा त्याच्या तळहातावर चढला. त्याने हात हलवला नाही. ऊन तळहातावरून बोटांवर गेलं, बोटांवरून फरशीवर उतरलं, आणि एवढ्या वेळात त्याला एकदाही संप आठवला नाही.

"हे आपल्या घरात रोज येतंय?" त्याने बायकोला विचारलं.

"ते रोज येतंय," पुतळाबाई म्हणाली. "तुमी रोज नव्हता."

दुसऱ्या दिवशी तो कोळसा घेऊन बसला, चौथ्या दिवशी खिळा. खुणा घड्याळाच्या नव्हत्या, गिरणीच्या होत्या. ही रिसेस, हा दुसरा चहा, आणि पार पूर्वेच्या भिंतीवर चढलेली ती सुटी. उन्हाळ्याची रांग वेगळी, थंडीची वेगळी. चाळीत बोलवा झाली की संपाने कुशाबाचा एक नट ढिला केला. बोलणारे पुढे त्याच्याच दारात वेळ विचारायला येत, ही गोष्ट वेगळी.

गिरणीने त्याला परत घेतलं नाही. तो दादरला भांड्यांच्या दुकानात लागला, तिथेच म्हातारा झाला, घरी बसला. गिरणी पडली. तिच्या जागी पश्चिमेला एक टॉवर उठला, मजले मोजता मोजता मान मोडेल असा. तेव्हापासून अडीच वाजले की टॉवर सूर्याच्या आड येतो आणि कवडसा विझतो. विझतो त्या जागी कुशाबाने वर्षभर, ऋतूऋतूला, नव्या फुल्या कोरल्या. भिंतीवरच्या सुटीच्या खुणेपर्यंत ऊन पुन्हा कधी पोचलंच नाही.

"कुशाबा," दौलत म्हणायचा, "तुझी पाळी काय सुटत नाय रे आता."

यंदाच्या उन्हाळ्यात एक नवीन दुखणं निघालं. चाळीतल्या जुन्या वायरींना ताण झेपेना, म्हणून बारा ते साडेतीन करंट बंद. पुतळाबाई पासष्टीच्या पुढची, दमेकरी. पत्र्याच्या डब्यात पापड ठेवावेत तशी ती दुपारभर त्या खोलीत तापायची. डोंबिवलीच्या दत्तूने, म्हणजे त्यांच्या मुलाने, फोनवर सांगून टाकलं, "छपरावर सोलर बसवू. बॅटरीबिटरी नको, जागा नाही. ऊन आहे तोवर पंखा फिरेल. बाई येतील बघायला."

"बघू," कुशाबा म्हणाला.

"बघू म्हंजी न्हाई," पुतळाबाई म्हणाली. "पंचेचाळीस वर्सं ऐकतीय. लगीन करताना पण बघूच म्हनला होता."

आलेल्या बाईंचं नाव मीनाक्षी. माटुंग्याच्या, इंजिनियर, चाळिशीकडे झुकलेल्या, बोलणं इस्त्री केल्यासारखं. स्वतः शिडी लावून छपरावर चढल्या. अख्खी चाळ दारात. दौलतने तर शिडी धरायचं निमित्त काढून जागाच पटकावली.

"काका, पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवावे लागतील," खाली येऊन त्या म्हणाल्या.

कुशाबाला हसू आलं. बाई शिकलेल्या, पण छपरातलं कळत नाही. "छपराची काच उत्तरेला असती, बाई. सोळा वर्सं तिच्याखाली उभा होतो."

"ती काच ऊन अडवायला होती, काका. आपल्याला ऊन यायला हवंय."

कुशाबाने वर कौलांकडे पाहिलं. डोक्यावरचं छप्पर आयुष्यभर कुणीतरी ऊन चुकवून बांधत आलं होतं. आणि आता या बाई माटुंग्याहून येऊन उन्हाला आवतण देत होत्या. त्याला ते आवडलं, आणि आवडलं हे कळू नये म्हणून त्याने कान खाजवला.

"फक्त टॉवरची सावली केव्हा आणि कुठे पडते, हे वर्षभर कुणीतरी पाहिलेलं असतं तर," मीनाक्षी म्हणाल्या.

कुशाबाने फरशीवरची गोधडी बाजूला केली.

बाई गुडघ्यांवर बसल्या. एकेक खूण बोटाने चाचपत वहीत उतरवत राहिल्या. तासभर गेला, चहा निवला, त्यावर साय आली. शेवटी त्यांनी मान वर केली. "हे मोजलंत कशानं?"

"संपानं," कुशाबा म्हणाला.

हिशेब मात्र सरळ निघाला. छपराच्या मागच्या बाजूला पिंपळाची सावली, पुढच्या बाजूला टॉवरची घाई. अडीचपर्यंत स्वच्छ ऊन राहील अशी जागा एकच. काचेच्या कौलावरची.

"कौल झाकलं जाईल," मीनाक्षी हळू आवाजात म्हणाल्या.

पुतळाबाई पदराने वारा घेत राहिली. कुशाबा फरशीकडे बघत होता. ऊन छपरावर राहिलं तर घरात येणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं. संपात सगळं हातातून गेलं तेव्हा एकच वस्तू नव्याने घरात आली होती. तीच द्यायची?

"आणि ही खूण कसली?" मीनाक्षींनी चुलीच्या जागेजवळ बोट ठेवलं. ती खिळ्याची नव्हती. उलथन्याने खरवडल्यासारखी, गोल.

"ती माझी न्हाई. फरशीचा टवका गेलाय," कुशाबा म्हणाला.

"टवका न्हाई. माझी हाय," पुतळाबाई म्हणाली. "भात टाकायची."

संपात तिने खानावळ घातली होती. बंदरावर कामाला जाणारे अकरा जण या खोलीत जेवायचे. भोंगा बंद, घरात घड्याळ नाही. ऊन तिथवर आलं की ती तांदूळ वैरायची, म्हणजे माणसं आली की भात उतरलेला. हे ती मीनाक्षींना सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं. "आमचे हे हितंच पडलेले असायचे. ह्ये ऊन बघत होते. मी घाम पुसत होते."

दारातला दौलतसुद्धा चेष्टा करायची विसरला.

"दोन दिवसांनी सांगतो," कुशाबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या जागी आडवा झाला. कवडसा आला, त्यात धुळीचे कण पोहत होते, त्याच्या डोळ्यांवर गुंगी चढली. गुंगीत खोली मागे गेली. भिंतीला धूर, पितळी ताटांच्या कडा, अकरा माणसांचं भुरकणं. ऊन सरकत गोल खुणेवर आलं. आजवर तो नेहमी उन्हाबरोबर पुढे जायचा. या वेळी त्याने उन्हाला एकटंच जाऊ दिलं आणि तो खुणेपाशीच थांबला. तिथे चुलीसमोर तिशीतली एक बाई पाठमोरी बसली होती. चोळीची पाठ चिंब भिजलेली. तिने हात मागे करून मानेवरचे केस उचलले, वारा लागावा म्हणून. वारा नव्हता. तिने केस पुन्हा सोडले.

कुशाबाने डोळे उघडले. समोर तीच बाई भात बघत होती, केस पांढरे झालेली.

"दत्तूला सांग," तो म्हणाला. "झाका म्हनावं."

पॅनल बसले त्या दिवशी चाळीने नारळ फोडला. बारा वाजता करंट गेला आणि कुशाबाच्या खोलीत पंखा फिरू लागला. जेवणं उरकून पुतळाबाई आडवी झाली. "काळोख झालाय की वो," म्हणाली, आणि पुढचं बोलायच्या आत तिला झोप लागली. भर दुपारी ती झोपलेली कुशाबा पहिल्यांदाच बघत होता. पंख्याखाली तिच्या कपाळावरचे केस हलत होते. वर कौलावर पडलेलं ऊन कुठून कुठून फिरत खाली येऊन तिच्या केसांत शिरलं होतं. हात पुढे करून ते तळहातावर घ्यावं असं त्याला वाटलं, पण ती जागी झाली असती.

मग पात्यांचा वेग उतरला. पंखा कण्हत कण्हत फिरू लागला. टॉवर आडवा आला होता.

"करंट गेला?" ती झोपेतच पुटपुटली.

"न्हाई. अडीच झाले. झोप तू."

त्याने गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा उचलला, भिंतीला टेकून बसला आणि तिला वारा घालू लागला. हात भरून आला की दुसरा हात. दारातून दौलतने डोकावलं, बायकोला वारा घालणारा गडी पाहिला आणि त्याच्या जिभेवर काय काय आलं असेल ते सांगायला नको. पण कुशाबाने ओठांवर बोट ठेवलं, तसा तो पायरीवर बसून राहिला.

साडेतीनला करंट आला. चाळभर पंखे घरघरले, कुणाचातरी टीव्ही मध्येच बोलू लागला. कुशाबाने पुठ्ठा खाली ठेवला आणि भिंतीवरच्या सुटीच्या खुणेकडे पाहिलं.

"काय रे," दौलत बाहेरून हळूच म्हणाला, "सुटली पाळी?"

"सुटली," कुशाबा म्हणाला, आणि पुतळाबाईच्या शेजारी आडवा झाला.