डोळा उघडलेलं सीताफळ

औंढ्याजवळच्या डोंगरात मी एकदाच फिरायला गेलो, तेही नवे बूट घालून. वाटेत एक म्हातारी सीताफळं तोडत होती. प्रत्येक फळ ती अंगठ्याने चाचपायची, काहीतरी पुटपुटायची आणि बहुतेक फळं तशीच झाडावर सोडून द्यायची.

"मावशी, इथं बघण्यासारखं काय आहे?" मी मोबाईल उगारून विचारलं.

"आधी बसा की भाऊ. पळून काहून राहिले? डोंगर कुठं जाऊन राहिला?"

मी बसलो. बसल्याबसल्या हाताशी आलेलं एक सीताफळ तोडायला गेलो, तर तिने हातावर चापटी मारली.

"डोळा उघडला न्हाई त्याचा!"

खवल्यांमधल्या फटी पिवळसर झाल्या की फळाचा डोळा उघडला, तेव्हाच तोडायचं, हे तिने समजावलं. मग टोपलीतलं पिकलेलं एक फोडून माझ्यापुढे धरलं. मी आधी त्याचा फोटो काढला. नीट आला नाही म्हणून दुसरा काढला.

म्हातारीने फळ मागे घेतलं, शांतपणे स्वतः खाल्लं आणि बिया थुंकल्या. मग अंगठ्याने माझा गाल चाचपला.

"तुमचाबी न्हाई उघडला अजून," ती म्हणाली आणि मला तसाच सोडून पुढच्या झाडाकडे गेली.