नॉर्बचं दुसरं कार्ड

आमच्या ऑल्डरक्रीक गावात कुणी वारलं की पहिला फोन मला येतो आणि दुसरा पाद्र्याला. गेलेला माणूस कॉलेजच्या फुटबॉल संघातला असेल, तर तिसरा जातो डेल क्राइडरला. वडिलांच्या मागे हा अंत्यविधीचा धंदा मी चालवते. माणसं शेवटी कशी दिसतात हे मला ठाऊक आहे आणि मागे राहिलेली कशी वागतात हेही. दुसऱ्या प्रकाराचाच मला जास्त वैताग येतो. पण डेलवर मला फार वेळ चिडता येत नाही, हेही खरं.

डेल जन्मभर किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला मांस कापत होता. त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, कॉलेजच्या खानावळीत बटाटे सोलायचा. तिथे शिकावं एवढी घरची ऐपत नव्हती. संघातली दांडगी पोरं जेवायला आली की “डेल, रस्सा वाढ रे आणखी” म्हणून नावानं हाक मारायची. तेवढ्यावर हा गडी त्यांचा झाला तो कायमचा. त्यांतले काहीजण पुढे व्यावसायिक संघांत गेले. त्या काळी च्युइंगगमच्या पुड्यातून खेळाडूंची पत्त्याएवढी कार्डं निघत. समोर अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट काढलेला चेहरा, मागे वजन, उंची आणि कॉलेजचं नाव. आमच्या कॉलेजचं नाव दिसलं की डेल ते कार्ड उचलायचा. कोपरे झिजलेलं असो, सायकलच्या चाकात अडकवून फडफडवलेलं असो, त्याला कसलंही चालायचं. देशभर गाजलेल्या एखाद्या खेळाडूचं कोरं करकरीत कार्ड कुणी फुकट देऊ केलं तर मात्र नाक मुरडायचा. “आपला नाही तो,” म्हणायचा.

पुढे कॉलेजनं फुटबॉलच बंद केला. मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात. आमच्या संघाचं म्हणावं असं डेलच्या अल्बमखेरीज गावात काही उरलं नाही.

संघातला एल्मर श्टाल गेला तेव्हा डेल अंत्यदर्शनाला आला आणि कुणाला न विचारता त्यानं एल्मरचं एक जादा कार्ड कोटाच्या वरच्या खिशात सरकवलं. मी काढायला निघाले तर एल्मरची बायको म्हणाली, “राहू दे. तिकडे कुणी विचारलं, तू कोण, तर दाखवता येईल त्याला.” झालं, तेव्हापासून ती रीतच पडली. मग डेल प्रत्येकाची दोन कार्डं मिळवायच्या मागे लागला, एक अल्बमचं आणि एक खिशातलं.

योगायोग असा, की दोघातिघांचं दुसरं कार्ड मिळालं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. संघातले उरलेले म्हातारे बिचकले. गस टॉलिव्हरनं तर डेलच्या घरी कॉफी प्यायला जाऊन स्वतःचं दुसरं कार्ड मोज्यात घालून पळवलं. डेलला पुरते आठ महिने पत्ता नव्हता. गस अजून आहे, दर रविवारी चर्चमध्ये मोठ्यानं बेसूर गातो.

डेलची घट्ट जोडी नॉर्ब फिस्कशी. नॉर्बचं हार्डवेअरचं दुकान. दर शनिवारी सकाळी दोघं पेगीच्या हॉटेलात एकाच बाकावर बसून अंडी आणि परतलेले बटाटे खात आणि तेच ते बोलत.

“माझी कार्डं किती झाली रे?” नॉर्ब विचारायचा.

“एकच.”

“देव तुझं भलं करो.”

“कोलंबस शहरातल्या एका कार्डवाल्याला लिहिलंय मी.”

“त्याच्या दुकानाला आग लागो. मीठ दे इकडे.”

नॉर्बचं कार्ड मिळणं महाकठीण होतं. तो व्यावसायिक संघात एकच मोसम खेळला, मग गुडघा गेला. त्याचं कार्ड निघालं ते वर्षाच्या शेवटच्या खेपेत, आणि तोवर पोरं फुटबॉलला कंटाळून बेसबॉलच्या कार्डांची वाट बघायला लागलेली असत. डेलकडचं एकुलतं एकही मधोमध दुमडलेलं होतं. ते मिळालं तेव्हा त्याचा अल्बम पुरा झाला. त्या दिवशी मांसाच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला न मागता दोन सॉसेज जास्त बांधून दिली म्हणे त्यानं.

मार्चमध्ये रंगाचे डबे फळीवर लावता लावता नॉर्ब कोसळला आणि गेला.

त्याची बायको व्हर्ना मला फोनवर म्हणाली, “निळा सूट घाल त्याला. आणि खिसा शिवलेला असेल तर उसव. डेल येईल.”

गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं की नॉर्बचं कार्ड डेलकडे एकच आहे. न्हाव्याकडे, पेगीकडे, सगळीकडे एकच चर्चा: डेल अल्बम फोडतो की हात आखडता घेतो? दोन दिवस डेलनं मिळेल त्या कार्डवाल्याला फोन केले. कुणाकडेच नव्हतं.

दर्शनाच्या दिवशी लोक यायच्या तासभर आधी तो अल्बम काखेत घेऊन माझ्या मागच्या दारानं आत आला.

“सापडलं?” मी विचारलं.

“नाही.” तो नॉर्बकडे न बघता बोलत होता. “पोरी, हे काढलं तर पान रिकामं पडतं. सगळे आहेत गं त्यात. एक काढला की संघ नाही राहत.” मग खिशातून त्यानं एक घडी घातलेला कागद काढला. “वाचनालयात रंगीत झेरॉक्स काढून घेतली. जाड कागदावर. नॉर्बला काय कळणार?”

मला राग आला. “नॉर्बला नाहीच कळणार,” मी म्हटलं. “पण शनिवारी त्या बाकावर तुम्ही एकटे बसणार आहात. घशाखाली उतरतील अंडी?”

इतकं तोडून बोलायला नको होतं असं लगेच वाटलं, कारण म्हाताऱ्याचा चेहराच उतरला. तो खुर्चीत बसला आणि अल्बम उघडला. जन्मभर सुरी चालवलेले हात, पण त्यांना प्लास्टिकच्या कप्प्यातून एक कार्ड निघेना. मी पुढे झाले तर म्हणाला, “तू राहू दे.” शेवटी निघालं. त्यानं ते नॉर्बच्या खिशात ठेवलं आणि त्याचा टाय सरळ केला. टाय सरळच होता. झेरॉक्स चुरगाळून त्यानं माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तेवढ्यात व्हर्ना आली. काळा पोशाख, हातात सिगारची जुनी पेटी. तिनं वाकून खिशातलं कार्ड पाहिलं, मधली घडी पाहिली आणि ओळखलं. मग ती डेलशेजारी बसली.

“डेल, तुला एक सांगायचंय. मग हवं तर आयुष्यात माझ्याशी बोलू नकोस.”

तिनं पेटी उघडली. आत नॉर्ब होता, एकावर एक, तिसेक तरी. तरणाबांड, केस चापून बसवलेले. एकाही कार्डाला साधी चीर नाही.

“याचं कार्ड निघालं त्या वर्षी गावातल्या औषधाच्या दुकानातले च्युइंगगमचे सगळे पुडे यानंच विकत घेतले होते. नातेवाइकांत वाटायला. मग गुडघा गेला आणि वाटायची लाज वाटली.”

डेलनं देशभर पत्रं पाठवली आणि पेटी दोन गल्ल्या पलीकडे, नॉर्बच्याच घरात.

“त्यानं मला कधी सांगितलं नाही,” डेल म्हणाला.

“त्याला दोष देऊ नकोस. तुझ्यापुढे थट्टा करायचा, पण घरी म्हणायचा, एक देऊन टाकू डेलला, किती वणवण करतो बिचारा. दर नाताळात पेटी मागायचा. मीच चादरींच्या कपाटात लपवली होती. सापडत नाही म्हणून सांगायची.”

“पण का?” मीच न राहवून विचारलं.

“दोन झाली की माणूस जातो,” व्हर्ना म्हणाली. तिच्या आवाजात जराही संकोच नव्हता.

डेलनं पेटीतलं वरचं कार्ड उचलून उलटसुलट करून पाहिलं. आता ओरडणार, असं मला वाटलं.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “दिलं असतंस तर मी घेतलं असतं, व्हर्ना. उड्या मारत घेतलं असतं.”

“माहीत होतं मला. म्हणून तर लपवली.”

मग दोघंही रडली. मी फुलं सारखी करायला गेले, म्हणजे मीही जवळजवळ तेच केलं.

व्हर्नानं पेटीतलं एक कोरं कार्ड डेलच्या रिकाम्या कप्प्यात घातलं. त्याचं दुमडलेलं परत घे म्हणाली, तर त्यानं मान हलवली. “ते तिथंच राहू दे. दिलंय मी.”

तिनं आणखी एक कार्ड काढून आपल्या पर्समध्ये ठेवलं.

“हे कुणाला?” डेलनं विचारलं.

“तुला. तुझं कार्ड काही कुणी छापलं नाही. मग तू गेलास की तुझ्या खिशात काय ठेवायचं आम्ही?”

“मी कुठे संघातला? मी बटाटे सोलत होतो.”

“तिकडे कुणी विचारलं तर नॉर्ब सांगेल तू कोण ते.”

बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली. लोक येत होते. डेलनं रुमालानं नाक पुसलं, उठून उभा राहिला आणि व्हर्नाला हात दिला.

“जपून ठेव ते,” तो म्हणाला. “आणि मी मागितलंच कधी, तर म्हण, सापडत नाही.”