टगबोटीच्या वहीतली एक खूण

ती घटना आजही आठवली की माझी मलाच शरम वाटते. कोराडी रोडवरच्या एका झेरॉक्सवाल्याचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, "साहेब, एक म्हातारा लढाऊ जहाजांची वही झेरॉक्स करून राहिला. लवकर या."

आम्ही पंचांसमक्ष वही जप्त केली आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थाला ठाण्यात आणलं. वही उघडली अन् मी हादरलोच. पानोपानी युद्धनौकांची नावं, तारखा, वेळा. प्रत्येक नावापुढे लाल पेन्सिलीच्या दोन खुणा. बाप रे, माझ्या हद्दीत हेर! पहिली खूण म्हणजे माहिती पाठवली, दुसरी म्हणजे पोहोचली, असा अर्थ मी लावूनही टाकला.

"कोणाला देतोस ही माहिती, म्हाताऱ्या?" मी टेबलावर हात आपटला.

"कोणालेच नाही, साहेब. आमच्या टगबोटीची वही हाये. मोठं जहाज ओढून बंदराबाहेर न्यायचं, परत आलं की धक्क्याले लावायचं, हेच तिचं काम. सव्वीस वर्षं नौदलाच्या गोदीत मी तिच्यावर दोर सांभाळला. बोट भंगारात गेली. तिनं केलेलं काम तरी राहावं म्हणून लिहिलं होतं, तं वहीच फाटून राहिली."

आम्हा नागपूरकरांचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. मला सगळी बनवाबनवी वाटली. तीन तास तेच प्रश्न, तीच उत्तरं. सरकारी गुपितं फोडल्याचा गुन्हा दाखल करायची मी तयारी केली. त्या माणसाचं उरलेलं आयुष्य तुरुंगात गेलं असतं.

स्टेशन डायरी लिहिणारा आमचा जुना हवालदार वही चाळत होता. तो म्हणाला, "साहेब, हे तं आपल्या डायरीवानीच दिसून राहिलं. गेलं की एक खूण, आलं की दुसरी." मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. "बाबा, याच्यापुढे एकच खूण काहून?"

म्हाताऱ्यानं वही आपल्याकडे ओढून घेतली.

"ते परत आलंच नाही. वादळात गेलं. माझा लहान भाऊ होता त्याच्यावर. डेकवरून हात हालवून राहिला होता, अन् दोर मीच सोडला, साहेब."

ठाण्यातून कोण बाहेर पडलं, कोण परतलं, हे रोज लिहून घेणारा मी, आणि मला एवढं कळू नये! त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं घेतला नाही.

समोरच्याचं काम काय, हे समजून घेतल्याशिवाय आवाज चढवायचा नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. फार उशिरा शिकलो.

पडताळणीसाठी वही नौदलाकडे गेली आणि आक्षेप नाही म्हणून परत आली. ती द्यायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. त्यानं चष्मा लावून आधी तेच पान काढलं.

"साहेब, चुकून कोणी दुसरी खूण तं नाही केली नं?"

"नाही, बाबा. मी पाहिलंय."

तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. जीप वळेपर्यंत हात हालवत उभा होता.