वच्छला आया आणि वैभवीची लूट

वच्छला आमच्या शेजारी राहते, आणि खरं सांगायचं तर ती मला फारशी आवडत नसे. चरोद्यात रेल्वे कॉलनीला लागून आमची गल्ली आहे, तिचं-आमचं घर भिंतीला भिंत लागून. एकतीस वर्षं तिनं दवाखान्याच्या लहान मुलांच्या वॉर्डात आयाची नोकरी केली. नोकरीतून ती रिटायर झाली, जीभ मात्र झाली नाही. कुणाच्या तान्ह्याच्या हातात शेंगदाणा दिसला की हिनं तो हिसकावलाच म्हणून समजा. "दात नाही आले, अन् दाणे देऊन राहिले," असं आईच्या तोंडावर म्हणायची. नवरा गँगमन होता, तो बारा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. ज्याचं घर रिकामं त्याला दुसऱ्याच्या घरात डोकवायची हौस, असं मी चारचौघींत बोललेली आहे. माझंही बोलणं काही साखरेत घोळलेलं नाही.

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी मी नातीची लूट ठेवली. बोरन्हाणाला आमच्याकडं लूट म्हणतात. दहा महिन्यांच्या वैभवीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, शेंगदाणे, उसाचे तुकडे ओतायचे, आणि पोरांनी ते लुटायचं. सोबतच हळदीकुंकू उरकायचं होतं. त्याला विधवा बाईला बोलवत नाहीत.

माझी सून कीर्ती म्हणाली, "आई, वच्छलामावशीले बोलवू ना. काय होते?"

"रीत आहे ते आहे," मी म्हणाले. मनात म्हटलं, बरंच झालं, सगळ्यांच्या देखत टोकणार तरी नाही. रीत माझ्या सोयीची होती, म्हणून मी ती पाळली.

लूट झाली, पोरं तुटून पडली, हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मी बायांना वाण द्यायला वळले. तेवढ्यात कीर्तीचा आवाज आला, अगदी हळू. "आई, ही रडून नाही राहिली."

वैभवीचं तोंड उघडं होतं, डोळे मोठे झाले होते, आणि आवाज नव्हता. खोकलाही नव्हता. ओठ निळसर व्हायला लागले होते. रडणाऱ्या मुलाला काय करायचं ते मला येतं. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

बाया एकदम बोलायला लागल्या. टाळूवर फुंका, पाणी पाजा, पाय धरून उलटी करा. मी तिला उचललं आणि बोट सरळ घशात घातलं. काहीतरी गुळगुळीत बोटाला लागलं आणि अजून आत सरकलं. ते मीच सरकवलं, दुसऱ्या कुणी नाही.

कीर्तीनं भिंतीवर दोन्ही हात आपटले. "मावशी, लवकर या, वैभवीच्या घशात अडकलं!"

वच्छला लगेच आली. ओले हात पदराला पुसत आली, आणि आमच्या दारात थांबली. आत नटूनथटून बसलेल्या बाया, मधे हळदीकुंकवाचं तबक. तिनं तबकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नात माझ्या हातात सैल पडत चालली होती, आणि मुलं वाचवायला जिला येतं ती बाई चार पावलांवर उभी राहून मी ये म्हणायची वाट बघत होती.

"ये वच्छला," शेवटी कसंबसं म्हणाले.

मग ती थांबली नाही. "बोट काढा आधी," म्हणाली आणि पोर माझ्या हातातून घेतली. खाली बसली, वैभवीला हातावर पालथी घेतली, जबडा धरला, डोकं खाली ठेवलं, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच दणके दिले. काही नाही. उताणी केली, छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबलं. तोंडात डोकावली. काही दिसलं नाही. मान वर न करता म्हणाली, "एकशे आठले फोन लावा." पुन्हा पालथी. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

तिसऱ्या दणक्याला शेंगदाणा फरशीवर पडला. वैभवीनं एक ओढून श्वास घेतला आणि मग रडली. तिच्याबरोबर मीही.

तुकडा आत राहिला असेल तर, म्हणून डॉक्टरांनी तिला दिवसभर दवाखान्यात ठेवून घेतलं. कीर्ती आत तिच्यापाशी होती. बाहेरच्या बाकावर मी आणि वच्छला. आत जरा खोकल्याचा आवाज झाला की दोघी उठून उभ्या राहत होतो. माझ्या डोक्यातून तो दरवाजा जात नव्हता.

"दारात कावून थांबली होतीस?" मी विचारलं.

"तुमच्या घरी चांगलं काम होतं, गीताबाई. न बोलावता पाय ठेवला असता अन् पोरीले काही झालं असतं, तर तुमी मलेच म्हटलं असतं ना, रांडमुंड बाई आली म्हणून झालं."

नाही गं, असं मी म्हणणार होते. पण तसं मी म्हटलंच असतं.