कानाला न पोचलेला हात

आमच्या गावात निम्मी माणसं एक जुलैला जन्मली. हा ग्रहांचा योग नव्हता, आम्हा शिक्षकांचा होता. आता पोरांचे जन्मदाखले दवाखान्यातूनच येतात. तेव्हा आईबापांना सण आठवायचा, साल आठवायचं नाही आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. मग आम्ही पोराला उभं करायचो आणि सांगायचो, डोक्यावरून उजवा हात ने आणि डावा कान धर. कान सापडला की पोर सहा वर्षांचं, तारीख एक जुलै. नाही सापडला तर पुढच्या वर्षी ये. मोर्शीपासून चांदूर बाजारपर्यंत सगळीकडे हेच चालायचं आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी गावातल्या शाळेत लागले तेव्हा डोक्याने तापट आणि नोकरीला नवी होते. शाळा दोन शिक्षकांची. दुसऱ्याच वर्षी पट एका पोराने कमी पडला. पट भरला नाही तर दुसरं पद जाणार, म्हणजे मी जाणार आणि रिकामी जागा होती ती थेट धारणीच्या पलीकडे, डोंगरात. नवरा जाऊन-येऊन अमरावतीला नोकरीला, लेक आठ महिन्यांची. मुख्याध्यापक पान लावता लावता म्हणाले, "बाई, तीस तारखेपर्यंत एक पोर आणा, नाही तर बिऱ्हाड बांधा."

मी गाव पालथं घातलं. शेवटच्या घरी एक बाई अंगणात तूर पाखडत होती आणि तिची पोरगी पुढ्यात सांडलेले दाणे वेचत होती. पोरीला शाळेत घालायचं म्हटल्यावर ती हसली.

"इले काय घालता बाई? इले आजून पाच नाई सरले. गावात लाइट आली ना, त्या पोळ्याले झाली हे. मोजा तुमी."

मी बोटांवर मोजलं. येत्या पोळ्याला पाच पुरी होणार होती. तरी मी पोरीला उभं केलं. हात डोक्यावरून गेला आणि कानाच्या वर दोन बोटं थांबला. ती जीभ बाहेर काढून ताणत होती, पण हात पुढे जाईना. मी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि डोकं हलकेच खांद्याकडे वाकवलं. बोटं कानाला लागली.

"लागला की कान," मी म्हणाले. आईला वाटलं बाई लाड करताहेत. मी शाळेत येऊन वळणदार अक्षरात एक जुलै लिहिलं, सहा वर्षं पूर्ण. पद वाचलं.

पोरगी हुशार निघाली. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली होती. पुढे चांदूर बाजारला बारावी झाली आणि तिचा अमरावतीला नर्सिंगला नंबर लागला. तोवर मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले होते. दिवाळीची सुट्टी संपली आणि तिचा बाप दारात उभा राहिला.

"बाई, पोरीच्या जल्मतारखेचा दाखला पायजे. तिचं लगन ठरलं, साक्षगंधबी झालं. तुळशीचं लगन झालं का उरकून टाकतो."

"आणि नर्सिंग?"

"ते आता तिकडचे पायतीन. पाव्हण्याच्या गावात मांगच्या साली सायबानं भर मांडवात लगन थांबवलं. म्हून ते पयले दाखला मांगून राहिले. अठरा सरले ना तिले?"

रजिस्टरात सरले होते. पोळ्याच्या हिशेबाने सतराच सरले होते. मला कपाट उघडून बघायची गरज नव्हती, मी ती ओळ कधी विसरलेच नव्हते. म्हणाले, कपाटाची किल्ली घरी राहिली, उद्या या. किल्ली माझ्या कमरेला होती.

घरी आल्यावर मी मनाशी हिशेब मांडला. दाखला लिहून दिला तर विचारणारं कोणी नव्हतं. खरं सांगितलं तर नोटीस, चौकशी, कदाचित घरी बसायची पाळी. लेक आठवीत होती. स्वयंपाक करताना दोनदा हात भाजून घेतला आणि नवऱ्यावरच ओरडले.

सकाळी प्रार्थनेआधी ती पोरगी आली. बाप मागून येत होता, ती पुढे पळत आली असावी. ऑफिसात शिरली आणि धापा टाकत म्हणाली, "बाई, माहे अठरा नाई झाले. माय सांगते."

"रजिस्टरात झालेत."

"ते तुमी लिहिलं."

"तुझा हात कानाला पोचला होता." ज्या आवाजाने मी वर्ग गप्प करायचे, तोच आवाज लावला.

"नाई पोचला, बाई. तुमी माहं डोकं वाकवलं होतं. मले याद हाये."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, लाज नंतर वाटली, आधी रागच आला. ज्या पोरीला मी पाटीवर हात धरून अक्षर शिकवलं, ती माझी चोरी बारा वर्षं मनात ठेवून होती आणि कोणाला बोलली नव्हती.

बाहेर बापाने वहाणा काढल्याचा आवाज आला. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "राहू द्या बाई. तुमची नोकरी जाईन. द्या दाखला." आणि कपाटाला टेकून उभी राहिली, शिक्षा केल्यावर वर्गात राहायची तशी.

ती रडली असती तर मी कदाचित दाखला दिलाही असता. रडली नाही.

बाप आत येऊन बसला. मी रजिस्टर काढलं, त्याच्याकडे फिरवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "भाऊ, हे खोटं आहे. पट भरायला मी लिहिलं. पोरीला सतराच सरलेत."

त्याने रजिस्टर माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाला, "चार मानसांत साक्षगंध झालं, बाई. मी जबान दिली. आता कोन्या तोंडानं नाई म्हनू?"

त्याची अडचण खरी होती. दिलेला शब्द स्वतःच्या तोंडाने फिरवणं त्याला जमणार नव्हतं. ते मला तिथेच कळलं.

"माझं नाव सांगा," मी म्हणाले. "बाई खोटारडी निघाली, म्हणा."

"लिहून देता?"

दोन कागद लिहिले. एक त्याला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. घाईत शिक्का उलटा बसला. पोरीने न सांगता शाईची डबी पुढे केली, मी दुसऱ्यांदा शिक्का मारला. बाप कागद खिशात घालून निघाला आणि दारातून वळून म्हणाला, "काहून केलं बाई तुमी असं?" बारा वर्षांपूर्वीचं की आत्ताचं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या कागदाने लग्न थांबलं. पोरगी अमरावतीला गेली. मला पंचक्रोशीत खोटारडी बाई हे नाव पडलं. आठवडी बाजारात बायका मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायच्या. चौकशी झाली, माझ्या हाताची प्रत्येक एक जुलै तपासली गेली आणि उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. धारणीच्या पलीकडे, डोंगरात. मी बिऱ्हाड बांधलं.

जूनअखेरीला तिथेही पट एकाने कमी होता. एक आई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी उभी राहिली, हात डोक्यावरून गेला आणि कानाच्या वर दोन बोटं थांबला. माझा हात आपोआप वर उठला होता. मी तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"पुढच्या वर्षी आण हिला," मी म्हणाले.