गच्ची फक्त मेंबरांसाठी

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तो दिवस आमच्या कुरोड्यांचा, म्हणजे कुरडया घालायचा होता, म्हणून आई स्टेशनवर आलीच नाही. अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाळी लागायची : आज आमच्या कुरोड्या, उद्या कुसुमकाकूंच्या, परवा आणखी कुणाच्या. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बाजा टाकलेल्या, गल्लीतल्या साऱ्या बाया साचे घेऊन हजर. गव्हाच्या चिकाने भरलेले हात वर धरून आई म्हणाली, "पोचली की फोन करजो. आन रडू नको वं, चीक खाली लागते माह्या." मी रडले नाही, रागावले. लेकीपेक्षा चीक मोठा!

तो प्लॉट आमचाच होता. "मोकळा राहू दे, हवा येते," असं बाबा म्हणायचे. ते गेले आणि मला तो रिकामा दिसायला लागला. पुण्यात राहून डोळेच तसे होतात. मोकळी जागा दिसली की वाया गेलेली वाटते. बिल्डरला विकून टाकायचं मी ठरवलं. आईला विचारलं, म्हणजे सांगितलंच. "तुले समजते तसं कर," ती म्हणाली. एका दिवसाची रजा टाकून आले, ॲग्रीमेंटच्या पानापानावर सही केली आणि परतले. पार्किंगचं वाचलं, लिफ्टचं वाचलं. गच्चीचा विचार मनाला शिवलाही नाही.

घराच्या पूर्वेला चार मजले उभे राहिले. ते पाहून पश्चिमेकडच्या कुसुमकाकूंच्या मुलानेही घर पाडायला दिलं आणि काकूंना अमरावतीला नेलं. मग समोरचे गेले, कोपऱ्यावरचे गेले. नव्या फ्लॅटांतली माणसं वाईट नाहीत, पण त्यांची दारं बंद असतात. आईच्या अंगणात आता दुपारी जेमतेम तासभर ऊन येतं. स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या लाइट लावावा लागतो. आणि हे अकोल्यात, जिथे आम्ही जन्मभर उन्हाला शिव्या घातल्या!

मागच्या उन्हाळ्यात तरीही आईने गहू भिजवले. तीन दिवस पाणी बदललं, वाटून चीक काढला, शिजवला. मदतीला कुणाला हाक मारायची हेच तिला कळेना. एकटीने पाडलेल्या कुरोड्यांची ताटं घेऊन ती नव्या बिल्डिंगचे चार जिने चढली. गच्चीला कुलूप होतं. सेक्रेटरी अगदी नम्रपणे म्हणाले, "मावशी, गच्ची फक्त मेंबरांसाठी आहे." जागा माझ्या नवऱ्याची होती, असं ती म्हणाली नाही. ताटं घेऊन उतरली. अंगणातल्या सावलीत कुरोड्यांना बुरशी आली.

मला हे कळलं ते कुरोड्यांचा डबा कधी पाठवतेस म्हणून मीच फोन केला तेव्हा. मी सेक्रेटरींवर ओरडले, मग हातापाया पडले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, सही तुमचीच आहे." आईला गच्ची वापरू द्यावी, एवढी एक ओळ मला लिहून घेता आली असती. एकच ओळ! अजूनही मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ती ओळ मी मनात लिहीत असते.

दिवाळीनंतर आईला भेटायला गेले. इतकी वर्षं "मी काहून येऊ तुह्या पुण्याले?" म्हणणारी आई या वेळी आपणहून म्हणाली, "मले घेऊन चाल." मी जे वर्षानुवर्षं मागत होते तेच ती देत होती, आणि मला धडकी भरली. ती माझ्याकडे येत नव्हती, हरून निघत होती.

गल्लीतून बाहेर पडलेल्या पोरापोरींनो, तुमच्या आया अजून तिथे असतील तर हात जोडते, सही करण्याआधी एक अख्खा दिवस त्यांच्या अंगणात बसा. मी बसले नाही.

निघायच्या दिवशी रिक्षा दाराशी उभी होती. आईने कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि सवयीने वळली. आधी काकूंच्या बाजूला, मग समोर. दोन्हीकडे पार्किंगची लोखंडी फाटकं. गावाला जाताना आमच्या गल्लीत कुणी कधी चावी सोबत नेली नाही.

"चावी कोणापाशी ठेवू वं?" तिने विचारलं.

मी हात पुढे केला. तिने चावी लगेच दिली नाही. फाटकांकडे पाहत उभी राहिली, कुणी येतं का म्हणून. रिक्षावाल्याने हॉर्न दिला तेव्हा दिली. ती आता माझ्या पर्समध्ये असते. घर म्हणून माझ्याजवळ एवढंच उरलंय, आणि परतल्यावर चावी मागायला जिच्या दारी जावं असं तिथे कुणी नाही.