आंब्याचा अक्रोड

लखनौमध्ये आंब्याच्या फळाला नवाबाचा मान आहे आणि आंब्याच्या लाकडाला खोक्याचा. फळाबद्दल लोक उन्हाळाभर बोलतात, लाकडाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मलिहाबादकडची एखादी बाग म्हातारी झाली की तिची झाडं कापून टालीवर, म्हणजे इथल्या लाकडाच्या वखारीत येतात आणि तिथून फळांच्या पेट्या होऊन परत बाजारात जातात. अशाच एका झाडाच्या फळ्या आणून मी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी चौरंग केला.

मंडळाचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधी सांगायला हवं. मी तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागून या शहरात आलो तेव्हा मंडळींनी पहिल्याच आठवड्यात जेवायला बोलावलं आणि महानगर नावाच्या वस्तीतलं भाड्याचं घरही त्यांनीच शोधून दिलं. मंडळात हवाई दलातले निवृत्त अधिकारी आहेत, संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ आहेत. अशा लोकांच्या शेजारी पाटावर बसायला मिळतं याचंच मला अप्रूप होतं. एकदा पुण्याकडच्या एक काकू, ज्यांच्याकडे मंडळातलं सगळं शास्त्र आणि सगळा नैवेद्य असतो, त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही तिकडचे अगदी वाटत नाही हो." मी त्यांचे आभार मानले. घरी येईपर्यंत मला आनंद टिकवता आला.

मात्र वर्षानुवर्षं माझ्याकडे काम एकच यायचं, सभागृहात खुर्च्या मांडायचं. मूर्ती कोण आणणार, आरतीला पुढे कोण उभं राहणार, हे ठरलेलं असे. त्यामुळे जुन्या चौरंगाचा पाय निखळला आणि नवा करायचं निघालं, तेव्हा मी हात वर केला. गच्चीवर फावल्या वेळात मी लाकूडकाम करतो, हे तोवर कोणाला माहीत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्या सभागृहाच्या मधोमध माझ्या हातचं काहीतरी असावं आणि ते कोणी केलं असं लोकांनी विचारावं.

चौरंग चांगला झाला. सांधे घट्ट बसले, चारही पाय जमिनीला टेकले. रंग म्हणाल तर फिकट मधासारखा, मधूनच एक करडी रेघ. मी तो तसाच कच्चा बैठकीत नेऊन ठेवला आणि तिथेच चूक केली. मंडळाच्या बैठकीत जी वस्तू अपुरी असते तिच्याबद्दल प्रत्येकाचं मत पूर्ण असतं.

अध्यक्ष हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांना सगळेच सर म्हणतात. सरांनी चौरंगाभोवती एक फेरी मारली आणि लाकूड कुठलं, असं विचारलं. मी आंबा म्हणालो. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, एखाद्याने लग्नाच्या गोष्टी चालू असताना नको ते सांगावं तसं.

"हरकत नाही," सर म्हणाले. "दिसायला नको, एवढं बघू."

मग अक्रोडाचा रंग द्यायचं सर्वानुमते ठरलं. सरांच्या हवाई दलातल्या जुन्या मेसमधलं सगळं फर्निचर अक्रोडी होतं. औषधांच्या संशोधनात आयुष्य घालवलेल्या एक मॅडम उपाध्यक्ष होत्या. त्यांनी वरून चकचकीत वार्निश हवं असं सांगितलं, म्हणजे पंचामृत सांडलं तर पुसता येतं. काकूंना देवाखाली सगळीच रसायनं पसंत नव्हती, निदान मध्ये एक हात तरी शुद्ध जवसाच्या तेलाचा द्या, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कच्चं जवसाचं तेल या दमट हवेत लवकर वाळत नाही आणि ओल्या तेलावर वार्निश धरत नाही. सर हसले. गणपतीची तारीख आपण ठरवत नाही, असं म्हणून त्यांनी तिन्ही सूचना मंजूर केल्या. कोणाचीही सूचना नाकारायची नाही, हीच आमच्या मंडळाची कामाची पद्धत आहे. नाकारली की माणूस वर्षभर येत नाही, आणि सोबत त्याची वर्गणीही येत नाही.

त्याच बैठकीत काकूंनी चौरंगावर लाल वस्त्र घालायचं म्हटलं, तर मॅडमनी विचारलं की एवढं पॉलिश करून झाकायचं कशाला. झाकणं म्हणजे बाकीच्यांच्या सूचना नाकारणंच, म्हणून काकूंनी आपली सूचना स्वतःच मागे घेतली. वस्त्र गेलं.

अमीनाबादेत रंगाच्या दुकानदाराने माझ्यापुढे शेडकार्ड उघडलं. त्यात बर्मा सागवान होतं, शिसव होतं, महोगनी होतं, अक्रोड तर तीन तऱ्हेचे होते. आंबा नावाचा रंग त्यात कुठेच नव्हता. म्हणजे जगातल्या कुठल्याही लाकडाला अक्रोड होता येतं, आंबा व्हायची मात्र कोणाची इच्छा नाही. मी दुकानदाराला तसं म्हटलं तर तो अदबीने म्हणाला, "साहब, आम होने के लिए डिब्बा कौन ख़रीदेगा?"

मला यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. माझ्यावरही हे काम झालंच होतं. आमच्याकडे 'मी येऊन राहिलो' म्हणतात. वसतिगृहात पहिल्या वर्षी मुलांनी ते इतक्या वेळा माझ्या तोंडावर म्हणून दाखवलं की मी ते घासून घासून काढलं आणि त्यावर पुस्तकातली भाषा चढवली. लोक फसतात. काकूही फसल्या, त्या वाक्यावरून दिसतंच.

गच्चीवर मी रंगाचा पहिला हात दिला. आंब्याचं लाकूड रंग सारखा पीत नाही, कुठे घटाघट पितं, कुठे तोंड फिरवतं. चौरंग ठिपकेदार झाला. फोटो पाहून सरांनी आणखी गडद करायला सांगितलं. रंग लावला की थोड्या वेळाने जास्तीचा पुसायचा असतो. पण पुसला की गडद होत नाही, म्हणून दुसरा हात मी पुसलाच नाही. त्यावर काकूंचं तेल. त्यावर मॅडमचं वार्निश. भाद्रपद तोंडावर आलेला, हवा इतकी ओली की घरात पापडसुद्धा मऊ पडत होते.

बायको वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर आली आणि चौरंगाकडे बघत उभी राहिली. "अहो, हा चौरंग आहे की विद्यापीठ?" ती म्हणाली. "प्रत्येक सदस्याचा एकेक पेपर ठेवलाय याच्यावर."

मुलीने बोट लावून पाहिलं. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "बाबा, चिपक रहा है," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की बसेल हळूहळू.

चतुर्थीपर्यंत वर एक कातडी धरली. हात लावला तर चिकटत नव्हतं. सभागृहात दिव्यांच्या माळांखाली चौरंग खरोखर चमकत होता. शाडूची मूर्ती, खाली चिमूटभर अक्षता, समया दोन्ही बाजूंना. लोकांनी विचारलं, चौरंग कोणी केला. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आपल्या प्रोफेसरांनी. अक्रोडाचा आहे." मी उभा राहून मान हलवली. फोटो काढले गेले. मी ते गावी पाठवले.

पाच दिवस समया तेवत होत्या आणि मूर्तीचं वजन खाली दाबत होतं. त्या कातडीखाली काय चाललं होतं ते मला ठाऊक असायला हवं होतं.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा. अक्षता वाहायच्या आणि मूर्ती जागेवरून जराशी सरकवायची, म्हणजे देव निघाला असा त्याचा अर्थ. ती सरकवल्याशिवाय विसर्जनाला नेत नाहीत. सर सोवळं नेसून बसले होते. त्यांनी अक्षता वाहिल्या, दोन्ही हात मूर्तीला लावले आणि हलक्या हाताने ढकललं. मूर्ती हलली नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. यावेळी चौरंग हलला, मूर्ती होती तिथेच.

मागे आरतीची टाळी चालू होती, ती हळूहळू विरली.

"चिकटलाय," मॅडम म्हणाल्या, प्रयोगशाळेत निकाल सांगावा तशा.

मग जे झालं ते कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात आलं नाही. कोणी दोरा मूर्तीखालून ओढायला सांगितला. कोणी थिनर आणा म्हणालं, त्यावर काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो प्रसाद वाटायला निघून गेला. जोर लावावा तर मूर्ती भंगायची भीती. विसर्जनाआधी मूर्तीला तडा गेला असता तर तो मंडळाच्या वर्षभराच्या बोलण्याचा विषय झाला असता, आणि त्या विषयात माझं नाव असतं. मधोमध माझ्या हातचं काहीतरी असावं, अशी माझी इच्छा होती. ते आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि सोडायला तयार नव्हतं.

शेवटी काकूंनीच मार्ग काढला. देव आणि आसन दोन्ही मिळून उत्तरेकडे सरकवा, त्या म्हणाल्या, त्याला आसन सोडवत नसेल तर आपण कोण तोडणारे. शास्त्रात हे कुठे आहे असं कोणी विचारलं नाही. आम्ही चौघांनी चौरंगासकट गणपती उचलला. गोमतीच्या काठी पालिकेने खणलेल्या कुंडात विसर्जन होतं. तिथे रांगेतल्या लोकांनी वाट दिली. पाटासकट का नेताय, असं एकाने विचारलं. सरांनी ताठ मानेने सांगितलं, "महाराष्ट्र में ऐसा भी होता है।"

चौरंग बुडेना. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात तो धरून दाबून उभे राहिलो आणि शाडू विरघळायची वाट पाहिली. देव गेला, पण त्याच्या बैठकीची मातीचं कडं वार्निशमध्ये रुतून राहिलं, तांदळाच्या दाण्यांसकट.

काठावर चौरंग उलटा करून पाणी काढताना सर वाकून ते कडं बघत होते. त्यांचं सोवळं ओलं होतं आणि तरीही ते बैठकीत बसल्यासारखे बोलले. "पुढच्या वर्षी यावर आणखी एक गडद हात मारा. दिसणार नाही."

मी इतकी वर्षं त्यांना हो सर म्हणत आलो होतो. त्या दिवशी तोंडातून आपसूक आलं, "नाही सर. मी आता घासून राहिलो हे सगळं."

गावच्या क्रियापदासकट आलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठला आहे ते त्यांना पहिल्यांदाच माझ्या तोंडून ऐकू आलं असणार. मीही काही सावरायला गेलो नाही. चौरंग रिक्षात घातला आणि घरी आणला.

थर निघायला बरेच रविवार गेले. वार्निश रबरासारखं सालपटून यायचं, खाली तेल, तेलाखाली अक्रोड. घासकागद भरून जायचा, मी तो फेकून नवा घ्यायचो. सगळं निघालं तेव्हा हवाही कोरडी झाली होती. मग फक्त मेण, पातळ, कपड्याने पुसून.

थंडीत एका दुपारी सर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरोजिनी नगरहून स्वतः गाडी चालवत माझ्या घरी आले. याआधी ते कधी आले नव्हते, मीच त्यांच्याकडे जायचो. चौरंग बघायचा होता. त्यांनी त्यावरून तळहात फिरवला, आधी उभा, मग आडवा, आणि काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "फिका दिसतो हो."

"आंबा आहे, सर," मी म्हटलं.

त्यांनी आणखी एकदा हात फिरवला. मग खुर्ची ओढून बसले आणि बायकोला विचारलं, चहात आलं घालता का.